'द गेशा'चा जुना स्कोअर, न जुळणारी गाणी आणि पाऊण तासाचा प्रयोग

तुमचे प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. जुन्या बाजारात तुम्हाला 'द गेशा' (गेशा म्हणजे नाचगाण्याने पाहुण्यांची करमणूक करणारी जपानी कलावंतीण) या इंग्रजी म्युझिकल कॉमेडीचा पियानो-गायन स्कोअर, म्हणजे गाणी आणि पियानोची साथ यांचे छापील स्वरलेखन, मिळाला. त्यातली गाणी इंटरनेटवरच्या यादीशी जुळत नाहीत. काही जास्तीची आहेत, काही नाहीतच. मग मूळ कोणते धरायचे? पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्या दहा-बारा मुलामुलींना घेऊन पाऊण तासाचा प्रयोग करायचा आहे, तर हक्क कोणाकडून घ्यायचे? गाणी मराठीत करावीत का? आणि 'चिन चिन चायनामन' हे गाणे आज म्हणावे का?

यातला पहिला प्रश्न बाकीच्यांच्या मुळाशी आहे, पण तो जरा चुकीच्या ठिकाणी उभा आहे. या जातीच्या नाटकाला 'मूळ' असे एकच रूप नसतेच. आपल्याकडे संहिता आणि रंगावृत्ती असा फरक करतात तो इथे कामी येतो. 'सौभद्रा'च्या छापील पुस्तकात शंभरावर पदे आहेत. ती सगळी आज एका प्रयोगात कोणी म्हणत नाही, आणि कोणती म्हणायची हे गाणारा नट आणि हाताशी असलेला वेळ पाहून ठरते. लंडनच्या म्युझिकल कॉमेडीत हेच अधिक सैल हाताने चालायचे. तिथे पदे गाळली जात, तशी मधूनच नवी घातलीही जात, आणि तीही दुसऱ्याच संगीतकाराची. म्हणजे तुमच्या हातात आहे तो एका हंगामाचा फोटो. इंटरनेटवरची यादी हा दुसऱ्या हंगामाचा, किंवा दोन-तीन हंगाम एकत्र चिकटवलेला. दोन्ही खरे आहेत.

हे असे का होते, ते कळायला थोडा इतिहास लागतो. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळचे डेलीज थिएटर १८९३ मध्ये उघडले. ते बांधवले जॉर्ज एडवर्ड्स यांनी, अमेरिकन निर्माते ऑगस्टिन डेली यांच्यासाठी. पुढे ते एडवर्ड्स यांच्याच हाती राहिले. एडवर्ड्स यांच्याकडे गेइटी थिएटरही होते. दोन्ही घरांची चव त्यांनी वेगळी ठेवली. गेइटीवर आजचे कपडे, दुकानातल्या मुली, धावती गाणी. डेलीजवर जरा रोमँटिक कथा, दूरदेशीचे दृश्य आणि गळ्याची परीक्षा घेणारे संगीत. १८९३ च्या 'अ गेइटी गर्ल'पासून म्युझिकल कॉमेडी हे नाव रुळले. त्याचे संगीत सिडनी जोन्स यांचे, संहिता ओवेन हॉल यांची, गीते हॅरी ग्रीनबँक यांची. तेच त्रिकूट १८९६ मध्ये 'द गेशा'ला होते. (ओवेन हॉल हे टोपणनाव. खरे नाव जेम्स डेव्हिस, कायम कर्जात बुडालेले गृहस्थ. नाव भरभर उच्चारले की इंग्रजीत 'सगळ्यांचे देणे लागतो' असे ऐकू येते. स्वतःच्या कर्जावर कोटी करून तिचीच सही करणारा माणूस संहितेतही थट्टा सोडत नाही, हे वाचताना लक्षात ठेवा.)

'द गेशा' २५ एप्रिल १८९६ रोजी, शनिवारी, डेलीजवर आले आणि ७६० प्रयोग झाले. हा आकडा सगळीकडे मिळतो, पण तो कसा झाला ते पाहिले की गाणी का बदलत गेली तेही कळते. मे १८९८ च्या अखेरीपर्यंतचे आठवडे मोजा: १०९. लंडनमध्ये रविवारी नाटक नाही, म्हणजे सहा रात्री आणि एक दुपारचा खेळ, आठवड्याला सात. १०९ गुणिले ७, ७६३. दोन वर्षे जवळपास एकही खेळ न चुकता तेच नाटक त्याच इमारतीत चालले. तेच प्रेक्षक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा यायला हवे असतील तर त्यांना काहीतरी नवे द्यावे लागते. म्हणून गाणे बदलायचे, नटी बदलली की तिच्या गळ्याचे गाणे घालायचे, आणि बदल पुरेसे साचले की 'दुसरी आवृत्ती' अशी जाहिरात करायची. एडवर्ड्स यात वाकबगार होते.

बाकीचे आकडे शेजारी ठेवा, म्हणजे ७६० चे वजन कळेल. गिल्बर्ट आणि सलिवन यांचा, जपानमध्येच घडणारा 'द मिकाडो' १८८५ मध्ये सॅव्हॉय थिएटरवर आला, ६७२ प्रयोग. 'डोरोथी' १८८६ चे, ९३१. सिडनी जोन्स यांचेच 'सॅन टॉय' १८९९ मध्ये डेलीजवर, ७६८, म्हणजे 'गेशा'हून आठ जास्त. हजाराची वेस ओलांडली ती 'अ चायनीज हनीमून'ने, १९०१ पासून स्ट्रँड थिएटरमध्ये, १,०७५ प्रयोग.

बाहेरची कारकीर्दही मोठी. सप्टेंबर १८९६ मध्येच न्यूयॉर्कला डेली यांच्या थिएटरात, १८९७ मध्ये बर्लिनला, मग रशियात आणि इटलीत. रशियन लेखक चेखव यांच्या १८९९ च्या 'कुत्रावाली बाई' या कथेत नायक गुरोव नायिकेच्या गावी जातो तेव्हा नाटकाच्या जाहिरातीवर 'गेशा'च असते, आणि नाटकगृहातच दोघांची गाठ पडते. रशियाच्या एका आडगावी तीन वर्षांत नाटक पोचले, हे त्यावरून कळते. जर्मन आणि इटालियन ऑपेरेटाच्या (हलक्याफुलक्या संगीतिकांच्या) जगात तर ते इंग्लंडपेक्षा जास्त काळ टिकले. भाषांतर करताना प्रत्येक देशाने आपापली रंगावृत्ती केली, त्यामुळे परदेशी याद्या आणखी वेगळ्या. तुम्ही पाहिलेल्या यादीत अशी सरमिसळ झाली असण्याची शक्यता बरीच आहे.

आपल्याकडे अशा स्कोअरची ये-जा कशी झाली हेही सांगून टाकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉरिस बँडमन यांच्या कंपन्या लंडनच्या म्युझिकल कॉमेड्या घेऊन भूमध्य समुद्रापासून जपानपर्यंत फिरत, आणि मुंबई-कलकत्ता ही त्यांची ठरलेली ठाणी होती. चर्नी रोडचे रॉयल ऑपेरा हाउस, ज्याचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले, ते बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनीच उभे केले. नाटक पाहून आलेले लोक घरच्या पियानोसाठी स्कोअर विकत घेत. तुमच्या प्रतीवर आतल्या पानावर वाद्यविक्रेत्याचा शिक्का आहे का पाहा.

आता प्रत कोणत्या काळातली ते ठरवायचे. मुखपृष्ठावर किंवा पहिल्या पानाच्या तळाशी '१८९६' असेल, पण ते हक्काचे वर्ष, छपाईचे नव्हे. त्यावर विसंबू नका. आधी प्रकाशकाचे नाव पाहा. नुसते 'हॉपवुड अँड क्रू' असेल तर छपाई जुनी. 'अ‍ॅशरबर्ग, हॉपवुड अँड क्रू' असेल तर १९०६ नंतरची, कारण त्या वर्षी दोन प्रकाशन संस्था एक झाल्या. मग प्रत्येक पानाच्या तळाशी मधोमध असलेला छोटा क्रमांक पाहा. तो प्लेटचा क्रमांक. संगीत तेव्हा धातूच्या पत्र्यावर कोरून छापत, आणि तेच पत्रे वर्षानुवर्षे वापरत. पूर्ण स्कोअरला एकच क्रमांक असतो. मध्येच एखाद्या गाण्याच्या पानांवर वेगळा क्रमांक दिसला, तर ते गाणे सुट्टे छापून विकले गेलेले आणि नंतर आत बसवलेले. तिसरी खूण अनुक्रमणिकेत मिळते: १२ नंतर '१२ अ' असे काही, किंवा शेवटी 'जादा गाणी' म्हणून वेगळा गठ्ठा. चौथी खूण गाण्याच्या डोक्यावरचे संगीतकाराचे नाव. 'जॅक्स द बॉय' या गाण्यावर लायनेल मंक्टन आणि 'द ज्युएल ऑफ एशिया'वर जेम्स फिल्प असे दिसेल. सिडनी जोन्स सोडून दुसरे नाव दिसले की ते गाणे बाहेरून आलेले समजा.

एक तक्ता करा, कागदावरच. पहिल्या रकान्यात तुमच्या स्कोअरमधली गाणी क्रमाने, दुसऱ्यात कोणते पात्र म्हणते, तिसऱ्यात संगीतकार, चौथ्यात प्लेट क्रमांक. अर्ध्या तासाचे काम आहे. यादी जुळत नाही म्हणून जो गोंधळ वाटतो आहे, त्यातला बहुतेक इथेच मिटेल. पहिल्या रात्री नेमके काय बोलले गेले हे ज्याला खरेच शोधायचे आहे, त्याच्यासाठी ब्रिटिश लायब्ररीत लॉर्ड चेंबरलेन यांच्या कचेरीकडे परवान्यासाठी पाठवलेल्या संहितांचा संग्रह आहे. १८४३ च्या कायद्यापासून १९६८ पर्यंत लंडनमधल्या प्रत्येक नव्या नाटकाची संहिता प्रयोगाआधी तिथे द्यावी लागे. पण ती संहितासुद्धा तालमीत बदलत असे. पाऊण तासाच्या प्रयोगासाठी तिथवर जाण्याचे काहीच कारण नाही.

मी अशा वेळी वेगळ्या टोकाने सुरुवात करतो: हे गाणे कोणत्या गळ्यासाठी लिहिले होते? 'गेशा'त याचे उत्तर अगदी स्वच्छ मिळते, कारण या नाटकाला दोन नायिका आहेत आणि दोघींचे संगीत एकमेकींशी मिळत नाही. ओ मिमोसा सान ही गेशा मारी टेम्पेस्ट यांच्यासाठी. त्या मान्युएल गार्सिया यांच्याकडे शिकलेल्या, 'डोरोथी' गाजवलेल्या, पक्क्या गळ्याच्या. म्हणून मिमोसाच्या ओळी लांब, श्वास मागणाऱ्या, वरच्या पट्टीत शांतपणे थांबणाऱ्या. मॉली सीमोर ही इंग्रज मुलगी लेटी लिंड यांच्यासाठी. त्यांचा आवाज लहान, पण त्या स्कर्ट-नृत्यासाठी, म्हणजे घेरदार झगा खेळवत केलेल्या नाचासाठी, प्रसिद्ध. म्हणून मॉलीची गाणी पाहा: सूर थोड्याच पट्ट्यात फिरतात, शब्द दाणेदार, आणि कडवे संपले की पियानोवर शब्दांशिवाय नाचाचा तुकडा येतो. 'द इंटरफिअरिंग पॅरट' उघडा आणि त्याच्या शेजारी मिमोसाचे 'द अ‍ॅमरस गोल्डफिश' ठेवा. दोन्ही प्राण्यांची गोष्ट सांगणारी विनोदी गाणी, लिहिणारा गीतकार एकच, पण एक गायिकेचे आणि दुसरे नर्तकीचे. तुमच्या गटात ज्या मुलीचा आवाज मोठा आहे तिला मॉली दिलीत तर ती कंटाळेल; जिला नाच येतो पण श्वास पुरत नाही तिला मिमोसा दिलीत तर रडकुंडीला येईल. बहुतेक हौशी प्रयोग या एका वाटपात फसतात.

पुरुषांत नौदल अधिकारी रेजिनल्ड फेअरफॅक्स बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुष आवाज आहे (मूळ नट हेडन कॉफिन), आणि मिमोसाचा खरा प्रियकर कॅप्टन काताना टेनर, म्हणजे वरच्या पट्टीचा. फेअरफॅक्स नायक असून टेनर नाही, हे सोयीचे आहे. विशी-बाविशीच्या मुलांत बॅरिटोन सहज मिळतात, टेनर मिळत नाहीत. टेनर नसेल तर कातानाला गाणे देऊ नका, नुसता उभा करा. कथा चालते.

कथा थोडक्यात. जपानमधल्या एका चहाघरात मिमोसा आहे. फेअरफॅक्स तिच्याभोवती घुटमळतो. प्रांताचा सुभेदार मार्क्विस इमारी याला तिच्याशी लग्न करायचे आहे. फेअरफॅक्सची वाग्दत्त वधू मॉली गंमत म्हणून गेशाचा वेष घेते आणि त्याच वेळी इमारी चहाघराचा लिलाव पुकारतो. मिमोसाला लेडी कॉन्स्टन्स ही श्रीमंत प्रवासी इंग्रज बाई विकत घेऊन सोडवते, पण वेषातली मॉली इमारीच्या पदरी पडते. दुसऱ्या अंकात, इमारीच्या बागेत, लग्नाच्या बुरख्याआड मॉलीऐवजी ज्युलिएट नावाची फ्रेंच दुभाषी उभी करून सुटका होते. वेषांतर आणि बदललेली वधू या गोष्टी आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगाव्या लागत नाहीत, ही जमेची बाजू.

पाऊण तासाचा हिशेब असा धरा. गाण्याला सरासरी तीन मिनिटे, आठ गाणी, चोवीस. निवेदन बारा मिनिटे, म्हणजे सुमारे बाराशे ते तेराशे शब्द. जास्त लिहू नका, निवेदन नेहमी फुगते. नाचाचे तुकडे, येणे-जाणे आणि टाळ्या मिळून आठ-नऊ. झाले पंचेचाळीस. वन्समोअर धरलेला नाही. मूळ प्रयोगात वन्समोअर हिशेबातच असे, त्यासाठी जादा कडवी तयार ठेवत. म्हणून काही विनोदी गाण्यांना चार-चार कडवी छापलेली दिसतात. कापताना मधले कडवे कापा, शेवटचे नको, कारण विनोदाची गाठ शेवटच्या कडव्यात सुटते. नेमके उलटे केले जाते: पहिली दोन ठेवतात, शेवटचे टाकतात, आणि मग प्रेक्षक का हसले नाहीत याचा विचार करत बसतात.

निवड मी अशी करीन. सुरुवातीचा 'हॅपी जपान' हा समूह, अर्धाच. 'गोल्डफिश'. मग मिमोसा आणि फेअरफॅक्स यांचे 'किसिंग ड्युएट', ज्यात तो तिला चुंबन म्हणजे काय ते शिकवतो. विद्यार्थ्यांकडून करवताना पंखा मध्ये धरा. पंखा वर जातो, बंद होतो, एवढ्यावर भागते आणि जास्त हसू येते. नंतर सर्वांचे 'इफ यू विल कम टू टी'. पहिल्या अंकाच्या शेवटातले मॉलीचे 'चोन किना'. पुढे 'पॅरट', 'जॅक्स द बॉय', आणि मिमोसासाठी 'ज्युएल ऑफ एशिया' किंवा फेअरफॅक्ससाठी 'स्टार ऑफ माय सोल', दोन्हींपैकी एक. तुमच्या स्कोअरमध्ये यातले एखादे नसेल तर त्याच पात्राचे जे आहे ते घ्या. मूळ यादीशी प्रामाणिक राहण्याचा धाक बाळगू नका; एडवर्ड्स यांनीही तेच केले असते.

दहा-बारा जणांत समूहगीत चार भागांत गाऊ नका. भागाला दोन-तीन आवाज येतात आणि एक जण आजारी पडला की भाग कोसळतो. वरचा आणि खालचा असे दोन भाग ठेवा, बाकीचे सूर पियानोत आहेतच. पट्टी उतरवायची वेळ मिमोसाच्या गाण्यांत येईल. एकल गाणे एका सुराने उतरवले तर बिघडत नाही. युगुलगीत मात्र उतरवू नका, सोप्रानोला (वरच्या पट्टीच्या गायिकेला) आराम मिळतो तेवढाच बॅरिटोन तळाला जाऊन नाहीसा होतो. पियानोवादकाला सांगा की उजव्या हातात गाण्याची चाल बऱ्याच ठिकाणी दुहेरी छापलेली असते. तालमीत ती वाजवा, प्रयोगात सोडा. आणि तारवाद्यांची थरथर दाखवण्यासाठी छापलेले लांब ट्रेमोलो सरळ धरलेल्या सुरांवर आणा. पियानोवर ते फक्त धडधडतात. नाचणारे कोणी नसेल तर मॉलीच्या गाण्याखालचा नाच शेवटच्या आठ मात्राखंडांवर आणा, पूर्ण काढू नका, नाहीतर गाणे अधांतरी थांबते.

मराठीत करावे का? हे तुमचा प्रेक्षक कोण यावर आहे. वर्गातल्या पालकांसाठी असेल तर माझा कल निवेदन आणि संवाद मराठीत, गाणी इंग्रजीत, असा. पण एखादे विनोदी गाणे मराठीत केले तर सभागृह जिवंत होते, आणि त्यासाठी 'पॅरट' उत्तम. करताना अडचण कुठे येते ते सांगतो. इंग्रजी ओळ बहुधा एकाक्षरी, आघात असलेल्या शब्दावर संपते आणि तिथेच ताल पडतो. मराठीत बहुतेक शब्द दीर्घ स्वरावर लांबत संपतात: पोपटाने, पिंजऱ्याला, सांगितले. ताल पडून गेला तरी शब्द संपत नाही. उपाय, ओळीचा शेवट दार, रात, नाक, चोच, खूळ अशा शब्दांवर आणा, जे बोलताना एकाच झटक्यात संपतात. मात्र ते तसेच म्हणा. नाट्यपदाच्या सवयीने गाणारी मुले 'रात'चा शेवटचा अ ओढून 'रात-अ' करतात; पदात ते शोभते, या चालीत अर्धी मात्रा जास्त होऊन सगळे मागे पडते. दुसरे, लांब उंच सुरावर आ किंवा ओ येऊ द्या, ई आणि ऊ टाळा. तिसरे, शब्द बसवताना सूर बाजूला ठेवून नुसत्या लयीत बोलून घ्या, मूळ गतीच्या तीन-चतुर्थांश वेगाने. बोलताना जीभ अडखळते तो शब्द बदला, गळा बदलत नाही.

हक्कांचे त्या मानाने सोपे आहे. भारतात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. ग्रीनबँक १८९९ मध्ये गेले, हॉल १९०७ मध्ये, मंक्टन १९२४ मध्ये आणि सिडनी जोन्स जानेवारी १९४६ मध्ये. म्हणजे जोन्स यांच्या संगीतावरचा हक्क इथे २००६ अखेर संपला. ब्रिटनमध्ये ७० वर्षांच्या नियमाने २०१६ अखेर. गाणे, भाषांतर, काटछाट, सगळे मोकळे. बाहेरून आलेल्या प्रत्येक गाण्याच्या संगीतकाराचे मृत्युवर्ष मात्र वेगळे पाहा, 'ज्युएल ऑफ एशिया'चेही. तक्त्यातला तिसरा रकाना त्यासाठीच. अलीकडे कोणी केलेली वाद्यवृंदाची मांडणी किंवा नवी संपादित आवृत्ती वापरलीत तर तिचा हक्क वेगळा लागतो. रोनाल्ड कॉर्प यांच्या संचालनाखालचे १९९८ चे हायपेरियनचे ध्वनिमुद्रण ऐकायला जरूर घ्या, पण ते मागे लावून त्यावर गाऊ नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क जिवंत आहे. आणि प्रयोग जाहीर, तिकीट लावून असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे विसरू नका. लंडनचे लॉर्ड चेंबरलेन १९६८ मध्ये या कामातून सुटले, आपले मंडळ अजून आहे. निवेदनाचा मजकूर वेळेवर पूर्ण करा, मंडळाला 'नंतर देतो' चालत नाही.

राहिले 'चिन चिन चायनामन'. चहाघराचा मालक वुन-ही हा चिनी, त्याची भूमिका हंटली राइट यांनी केली आणि ते गाणे त्या काळी तुफान चालले. गाण्याचा विनोद एवढाच की चिनी माणूस मोडके इंग्रजी बोलतो आणि सगळे त्याला फसवतात. नुकतेच १८९४-९५ चे युद्ध जपानने चीनविरुद्ध जिंकलेले. लंडनला जपान गोड आणि चीन हास्यास्पद वाटत होता. नाटकातला हा भेद तिथून येतो, आणि तो निवेदनात दोन वाक्यांत सांगण्यासारखा आहे. गाणे मात्र म्हणू नका. माझे कारण नैतिक कमी आणि व्यावसायिक जास्त आहे: त्या गाण्याचे काम नटाच्या चेहऱ्यावर आणि उच्चारांच्या नकलेवर चालायचे, ते काढले तर चाल साधारण आहे, आणि ठेवले तर तुमच्या पोरांच्या तोंडी हिणवणे तेवढे उरते. 'डिअर लिटल जॅपी-जॅप-जॅपी' हेही याच कारणाने सोडा. वुन-हीला नुसता 'मालक' करा, सरळ मराठी बोलणारा, दिवाळे निघाल्याने घाबरलेला. हवे तर तोच निवेदक. लिलावाची बातमी त्याच्याच तोंडून आली की बारा मिनिटांचे निवेदन दहावर येते.

संवेदनशीलतेचा प्रश्न आजच उपटला असे मात्र नाही. १९०७ मध्ये जपानचा राजपुत्र लंडनला येणार म्हणून 'मिकाडो'चे प्रयोग काही आठवडे सरकारने थांबवले होते.

वेषाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तिथे हमखास चूक होते. किमोनो भाड्याने घ्या किंवा साध्या सुती कापडाचा शिवा, पण गुंडाळताना अंगावरची डावी बाजू वर, उजवी खाली. उलटे गुंडाळणे जपानमध्ये मृताला नेसवताना करतात. प्रेक्षकांत जपानी भाषा शिकलेला एक जण असतोच आणि तो पहिल्या प्रवेशाला तेच पाहतो. चेहरा पांढरा रंगवू नका. बाह्या रुंद असतात, 'टी'च्या गाण्यात खरे कप ठेवलेत तर पहिल्याच तालमीत दोन फुटतील. पुठ्ठ्याचे करा किंवा कप ताटलीला आतून चिकटवा.

तालमी आठवड्याला दोन धरल्या तर आठ आठवडे पुरतील: पहिले तीन फक्त सूर आणि शब्द, पुढचे तीन उभे राहून, शेवटचे दोन निवेदनासकट सलग. 'टी'चे गाणे पहिल्याच आठवड्यात घ्या, सगळ्यांचे आहे आणि सर्वात उशिरा बसते. आधी त्या तक्त्याचा चौथा रकाना भरा आणि ज्या गाण्यांचे प्लेट क्रमांक वेगळे निघतील त्यांची नावे इथे टाका. त्यांतली कोणती मॉलीची आणि कोणती मिमोसाची, ते पाहून पट्टीचे सांगतो.